जांभ्याचा धडा

परातीत सुकट पसरलेली, परातीच्या पलीकडे तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, आणि अलीकडे आम्ही दोघं नवरा-बायको. ती सुकटीतला कचरा काढत होती, मी डोकी मोडत होतो. मोबाईलमधले सर सांगत होते की हा आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एकदाच आला नाही. आला, थांबला, वर माती झाली, झाडं उगवली, आणि मग परत आला नि सगळं भाजून काढलं. असे थरांवर थर.

"अवो, थांबवा," ती म्हणाली. मी सुकटीचं बोट लेंग्याला पुसलं आणि दाबलं.

डोळे मिटून जरा वेळ बसली. मग म्हणाली, "घावनावर घावन. खालचा सुकला काय वर दुसरा."

"आणि मधली झाडा?"

"ती करपली. तुमी घावन करूक बसलास काय करपतत तशी."

मी परत चालू केलं. थोडं ऐकलं आणि ती उठली. "रवांदे आता. उरलेला उद्या. माका आमटी टाकूची असा." धडा अर्ध्यावर थांबवून मी मोबाईल फळीवर ठेवला. संध्याकाळी सुकटीची आमटी झाली, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. चाळीतले लोक म्हणाले, पुण्यवान बाई. मी कोणाला काही बोललो नाही, पण मला ते पटलं नाही. हातातलं काम अर्धं टाकून जाणारी बाई नव्हती ती.

माझं शिक्षण चौथी. तिचं सातवी. म्हणजे आमच्या खोलीत उच्चशिक्षित तीच. मी परळला मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर होतो. संपानंतर मिल गेली ती गेलीच, मग एका सोसायटीच्या गेटवर उभा राहून म्हातारा झालो. तिने त्या सगळ्या काळात गाववाल्यांची खानावळ चालवली. मुलगी एकच. तिला शिकवलं, एम.कॉम. केलं. वरळीला विम्याच्या ऑफिसात आहे, सासर ठाण्याला. मी तिला शिकवलं ते तिने साच्यासमोर उभं राहू नये म्हणून. शिक्षण म्हणजे बाहेर पडायचं दार, एवढंच मला माहीत. एकदा बाहेर पडलं की दाराकडे वळून कोण बघतो?

हे दगडांचं खूळ आलं ते आमच्या मागच्या मिलच्या जागेवरून. तिथे टॉवरचा पाया खणायला सुरुवात झाली. दिवसभर मशीन दगड फोडायचं, मांडणीवरची भांडी नाचायची. अख्खी चाळ शिव्या घालायची. ही मात्र गॅलरीत कठड्याला धरून उभी, खाली खड्ड्यात बघत. एकदा मला विचारलं, "इतको दगड हयसर इलो खयसून? मुंबई तर म्हणे भरणी घालून केली."

मला काय माहीत? मी म्हटलं, "इलो असतलो खयसून तरी."

तिला असलं उत्तर चालायचं नाही. रविवारी मुलगी आली तर तिला विचारलं. मुलगी मोबाईलवर शोधायला लागली आणि हसली. "आई, ह्याच्यावर अख्खा कोर्स आहे बघ. कॉलेजचा. मोठे प्रोफेसर शिकवतात, फुकट. देऊ लावून?"

"दे," ती म्हणाली.

मुलीने मस्करीत लावून दिला. आईने मस्करीत घेतला नाही.

ते सर बोलायचे इंग्रजीत आणि त्यावर मराठी आवाज चढवलेला. सरांचे ओठ मिटले तरी मराठी चालूच. आणि मराठी कसली, पुस्तकातली. एक शब्द सारखा यायचा, विदारण. मी विचारलं, हे काय? तिने मला थांबवायला लावलं. दाबायचं काम माझ्याकडे, कारण तिची बोटं त्या काचेला कळायचीच नाहीत. राख, सोडा, मिरच्या, आयुष्यभर तेच. बोटं पार गुळगुळीत झालेली. डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "विदारण म्हणजे दगड कुजणा. उन्हान, पावसान."

"दगड कधी कुजता?"

"तुमी कुजलास नाय? मग दगडान काय घोडा मारल्यान?"

असा आमचा अभ्यास. सर एक वाक्य बोलणार, ती थांबवायला लावणार, डोळे मिटणार आणि मग आमच्या भाषेत मला सांगणार. एक धडा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायचा. मुलीने सांगितलं होतं, कधीही बघा, रात्री बघा, झोपून बघा, ते सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं. पण ते हिला पटायचं नाही. दुपारची भांडी झाली की तोंड धुवायची, गाऊन बदलून साडी नेसायची. "सरांच्या समोर काय गाऊनवर बसू?" आणि दार लावून घ्यायची.

आता आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. दिवसा दार लागलं म्हणजे एक तर भांडण किंवा कोणीतरी गेलेलं. पहिल्याच दिवशी शेजारीण गॅलरीतून ओरडली, "काकी, दार का लावलंत? काकांशी वाजलं काय?"

"नाही गं, कॉलेज चालू आहे."

मग चाळभर झालं. काकीचं कॉलेज. शेजारीण एकदा नळावर म्हणाली, "काकी, डिग्री घेऊन आता नोकरी कुठे धरणार?" ही म्हणाली, "वर गेल्यावर विचारतील, इतकी वर्षं खाली होतीस, काय बघितलंस? तेव्हा काय सांगू, भांडी?"

मुलीलाही वाटायचं आई थकेल, कंटाळेल. कंटाळली नाही तेव्हा मुलीने दुसरं काढलं. "आई, शेवटी परीक्षा असते. दे. सर्टिफिकेट मिळेल."

"भिंतीवर जागा कुठे आहे?" मुलीशी ती शहरी बोलायची.

"मग उपयोग काय ह्याचा?"

तिला मुलीचा राग नव्हता आलेला, ती खरंच विचार करत होती. म्हणाली, "काल मी वाटण वाटत होते. पाट्याकडे बघितलं आणि वाटलं, हा बाबा कुठे होता, काय काय बघून आला आणि माझ्या घरी मसाला वाटतोय. तेवढाच उपयोग. दुसरा काही नाही."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. मला तरी कुठे कळलं होतं?

दहाव्याला आम्ही बाणगंगेला गेलो. मी, मुलगी आणि गावाहून आलेला बायकोचा धाकटा भाऊ. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं मन मोकळं झालं असं आमच्यात मानतात. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मग ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचं, वचन द्यायचं. आणि पिंडासमोर बोललेलं आमच्यात मोडत नाहीत. त्या भरात जमीन देतो म्हणून बोलून बसलेले लोक नंतर रडत रडत जमीन देतात, पण देतात.

पिंड ठेवले. कावळे ढीगभर होते, भिंतीवर, पायऱ्यांवर, तारेवर. पण तिथल्या कावळ्यांना रोजचेच पिंड, त्यांना काय कौतुक? एक येऊन बसला जवळ. बघितलं आणि मान फिरवली.

भाऊ पुढे झाला, हात जोडले. "अक्का, गावच्या घराक कुलूप पडाक देवचंय नाय. तुझ्या तुळशीत मी दिवो लावतंय. ये."

कावळा हलला नाही.

मुलगी म्हणाली, "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी आहे. मी बघेन बाबांना." आणि रडायला लागली. कावळा उडाला आणि थोडा लांब जाऊन बसला.

भटजी घाईत होते, पण माणूस चांगला. म्हणाले, "कोणाच्या मनात आणखी काही असेल तर बोला. ठेवू नका."

मला माहीत होतं काय राहिलंय. मी मोठ्याने म्हटलं, "अगो, तो धडो अर्धो रवलो, तो मी बघतंय. फुडचे पण सगळे बघतंय. पुरे करतंय. शब्द दिलंय तुका."

आमच्या मागे दुसरं कुटुंब थांबलं होतं. त्यांच्यातलं कोणीतरी फिसकन हसलं. मुलीने माझं कोपर धरलं. "बाबा, काय बोलताय!"

सिनेमा असता तर कावळा आला असता. आला नाही. सूर्य वर चढला. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. मागचे लोक पुढे आले.

टॅक्सीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. पेडर रोड संपला. मग म्हणाली, "तिथे पण मस्करी सुचते तुम्हाला."

"मस्करी नाही केली मी."

"धडा? पिंडासमोर धडा? तिला ते हवं असतं तर शिवला असता ना."

"तुझ्या बोलण्यालाही नाही शिवला. मग काय, मला बघणार नाहीस?"

ती परत खिडकीकडे वळली. मीही बोलायला नको होतं, पण बोललो. मेव्हणा पुढच्या सीटवर समोर बघत बसला होता. तेराव्यानंतर तो गावी गेला आणि मुलगी ठाण्याला. जाताना मुलीने औषधं लावून दिली, डबेवाली ठरवून दिली, पण माझ्याशी नीट बोलली नाही.

आता मी आणि माझा शब्द.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, दार लावलं, डब्याला मोबाईल टेकवला आणि जिथे थांबलो होतो तिथून चालू केलं. सर बोलायला लागले. मराठी आवाज भराभर चालला होता. मी थांबवलं. खोलीत कोणी काही बोललं नाही. परत मागे नेलं, परत लावलं. तेच शब्द, त्याच सुरात. परत मागे नेलं, परत तेच.

आमच्या मिलमध्ये एक जॉबर होता, आमच्यावरचा मुकादम. एकदा सांगून कळलं नाही तर तो आईवरून शिवी द्यायचा आणि मग वेगळ्या तऱ्हेने सांगायचा, हात धरून दाखवायचा. मोबाईलमधले सर शिवीही देत नाहीत आणि वेगळंही सांगत नाहीत. त्यांना माहीतच नाही समोर कोण आहे. मी आहे की भिंत आहे. इतके दिवस मला वाटत होतं, मला दगडांतलं थोडंथोडं कळायला लागलंय. तसं काही नव्हतं. मला ती कळत होती.

तेवढ्यात दारावर धडाधड हात पडायला लागले. "काका! काका, दार उघडा! अहो काका!"

उघडलं तर शेजारीण, तिचा नवरा, समोरच्या खोलीतले दोघे, एकाच्या हातात पहार.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्हाला काय झालं? दार का लावलंत?"

"धडा ऐकत होतो."

"मग आवाज तरी द्यायचा! किती हाका मारल्या!"

"ऐकू की आवाज देऊ?"

शेजारीण तिथेच गॅलरीत मटकन बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून मला झापलं, "ह्यापुढे दार उघडं ठेवून शिकायचं. काकीचं चालवून घेतलं, तुमचं नाही चालवून घेणार." पहारवाला म्हणाला, "काका, मी खरंच तोडलं असतं हां." तो जरा नाराजच दिसला.

मग दार उघडं ठेवून शिकायला लागलो. गॅलरीतून येणारे-जाणारे डोकावायचे, कोणी चहा आणून द्यायचं. धडे पुढे सरकत होते. धडा संपला की खाली हिरवी खूण यायची, पूर्ण. मोबाईलला वाटायचं मला कळलं. मी रोज एक हिरवी खूण करायचो आणि उठायचो. मनाला समजावायचो, पुरे करतो म्हटलं होतं, कळून घेतो कुठे म्हटलं होतं? पण ते खोटं होतं आणि मला कळत होतं की खोटं आहे. कपडा न विणता नुसता साचा फिरवत ठेवला तर त्याला काय काम म्हणतात? पिंडासमोर शब्द दिला आणि इथे नुसता साचा फिरवत होतो. रात्री जेवण जायचं नाही.

रविवारी मुलगी आली. भाजी चिरली, औषधं मोजली, चादरी बदलल्या. सगळं केलं, बोलणं सोडून. दुपारी मी डब्याला मोबाईल टेकवला आणि म्हटलं, "बस माझ्याबरोबर."

"बाबा, मला त्यातलं काही येत नाही. मी कॉमर्सची."

"मी साच्यावरचा. बस."

बसली. आईच्या जागी नाही बसली, जरा बाजूला बसली. मी दाबलं.

पडद्यावर लाल दगड आला. भोकाभोकांचा. मग एक चिऱ्यांची खाण, उभी कापलेली, पायऱ्यापायऱ्यांची. मागे माड. मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या आईचं माहेर असल्याच चिऱ्यांचं. अंगणाभोवतीच्या गडग्याची भिंत, विहिरीचा कठडा, सगळं जांभा. लग्न होऊन आली तेव्हा मुंबईच्या भिंती बघून म्हणाली होती, हे कसले दगड, रंगच नाही. हा तिचा धडा होता. इतके दिवस लाव्हा आणि थर आणि विदारण ऐकलं आणि तिचा स्वतःचा धडा आला तेव्हा ती नाही.

"बंद करू का?" मुलीने विचारलं.

"नको. चालू दे."

सर सांगायला लागले. जांभा म्हणजे वेगळा दगड नाही, हा काळा दगडच. पाऊस पडत राहतो, ऊन तापत राहतं, आणि दगडातलं जे जे विरघळतं ते पाणी घेऊन जातं. जे जात नाही ते मागे राहतं. लोखंड राहतं. म्हणून लाल.

मी थांबवलं. कोणी सांगितलं नाही, मला आपोआप कळलं. लहानपणी मी खाणीवर चिरे वाहिलेत. मुलीला म्हटलं, "तुला सांगतो, खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो. कुऱ्हाडीने तासता येतो. हवेवर राहिला की कडक होतो. मग तासायला जा, कुऱ्हाड परत येते. ते लोखंड असणार."

"खरंच?"

"खरंच म्हणजे? खांद्यावर वळ होते माझ्या."

ती पुढे सरकून बसली. "मग बाबा, सगळा काळा दगड असा लाल होतो?"

"पाऊस असला, ऊन असलं तर होतो म्हणतात."

एवढं बोललो आणि माझ्या डोक्यात आलं. मी गॅलरीकडे बघितलं. मागच्या खड्ड्यात मशीन रविवार म्हणून बंद होतं. "मग परळला का नाही झाला?" मी म्हटलं. "पाऊस इथे काय कमी पडतो? ऊन काय कमी आहे? दगड तोच. मग तिथे लाल आणि इथे काळाच का राहिला?"

मुलगी शोधायला लागली. बरंच काय काय वाचलं, इंग्रजीत. कपाळाला आठ्या घालून वाचत होती, लहानपणी गणित करायची तशी. मग म्हणाली, "बाबा, ह्यात दोन-तीन वेगवेगळं लिहिलंय. मला नक्की नाही सांगता येत. चुकीचं सांगेन."

"तिथे खाली विचारायची जागा असते ना?"

तिने ती जागा उघडली. तिथे लोकांचे प्रश्न होते. सर, हे कळलं नाही. सर, कृपया परत समजावा. सर, आहात का? खाली उत्तर कुठेच नाही. मुलगी म्हणाली, "कोर्स जुना आहे. हे आता कोणी बघत नाही."

मी मोबाईल आडवा ठेवला. "तू कॉलेजात होतीस तेव्हा विचारायचीस?"

ती हसली, पण ते हसू नव्हतं. "एकदाही नाही. वर्ग नुसता भरलेला. नोट्स उतरवायच्या, क्लासला जायचं, पेपर लिहायचा. हात वर केला की पोरं वळून बघायची. आणि खरं सांगू का? विचारण्यासारखं काही वाटायचंच नाही. नोकरी लागायला हवी एवढंच होतं. तुम्हालाही तेच हवं होतं ना?"

"हो. मला तेच हवं होतं."

"मिळालं ते. त्याचं वाईट नाही वाटत मला." मग तिने विचारलं, "आई विचारायची?"

"दर दोन वाक्यांना."

"कोणाला? तुम्हाला?"

"मग दुसरं कोण होतं?"

"तुम्हाला काय येत होतं?"

"काही नाही. मी नुसतं, आणि मग, आणि मग, म्हणायचो. मला सांगता सांगता तिला कळायचं."

मुलीने पदर नसताना पदर शोधावा तसा ओढणीचा कोपरा शोधला आणि तोंडावर धरला. बराच वेळ तशीच बसली होती. शेजारीण दारातून डोकावली, बघितलं आणि तशीच मागे गेली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "टॅक्सीत बोलले ते मनावर घेऊ नका."

"मी पण बोललोच की."

"पुढचे धडे माझ्यासमोर लावायचे. रविवारीच. एकट्याने हिरव्या खुणा करत बसू नका." तिने ते बघितलं होतं तर.

"आणि मधले झाले ते?"

"ते परत. मलाही पहिल्यापासून बघायचेत."

चहा करता करता मी विचारलं, "कॉलेजात अजून शिकवतात का हे दगडांचं?"

"शिकवतात ना. गिरगावाच्या पुढे एक जुनं कॉलेज आहे, तिथे आहे. पण मुलं फार नसतात म्हणे. नोकऱ्या नाहीत त्यात."

"म्हणजे शिकवणारा मोकळा सापडेल."

तिला वाटलं मी मस्करी करतोय. ती पहिल्यांदा मोकळी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, शेजारणीला सांगितलं की दार लागलेलं दिसेल, पहार काढू नका, मी बाहेर चाललोय. कुठे म्हणून विचारलं तर म्हटलं, कॉलेजात. बसने गेलो. कॉलेज जुनं दगडी, मोठ्या कमानीचं. गेटवर वॉचमन. आयुष्यातली कितीतरी वर्षं मीही असल्याच खुर्चीवर काढलेली, त्यामुळे तो काय विचारणार ते मला पाठ होतं.

"काय काम आहे?"

"दगडांचं शिकवतात त्यांना भेटायचंय."

"वेळ घेतली आहे?"

"नाही."

"नातू शिकतो इथे?"

"नाही."

"मग शिकतो कोण?"

"बायको शिकत होती. आता मी पुढे चालवतोय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मीही कितीजणांकडे असं बघितलंय. मग जिन्याकडे बोट दाखवलं. "वरती, उजवीकडे. बाहेर बाकडं आहे. मॅडम यायच्यात अजून. बसा."

बाकड्यावर बसलो. पोरं-पोरी येत-जात होती, काही कानात वायरी घालून. एका मुलीने थांबून विचारलं, "आजोबा, ऑफिस हवंय का? ते खाली आहे." मी म्हटलं, नाही, मला वर्गच हवाय. ती गोंधळली आणि गेली.

मॅडम आल्या त्या माझ्या मुलीपेक्षाही लहान. खांद्याला पिशवी, हातात डबा. कुलूप उघडता उघडता माझ्याकडे वळल्या. "कोणाकडे आलात, काका?"

"तुमच्याकडेच. एक शंका आहे."

"या ना आत. बसा, मग विचारा."

मी आत गेलो. बाकं होती, फळा होता. बसावंसं वाटलं नाही. शाळेत उठून विचारायची सवय लागायच्या आतच शाळा सुटली होती. मी दोन्ही हात बाकावर टेकले आणि परळच्या काळ्या दगडाचं उभ्यानेच विचारलं.